भीतीचा वाटेकरी

सुकुमारनं कुत्रं मारलं ते भर दुपारी, रोपवाटिकेच्या फाटकात, फावड्यानं. एका घावात नव्हे. कुत्रं केव्हाच गेलं होतं, तरी फावडं वर जात होतं आणि खाली येत होतं. ढोबळी मिरचीचे ट्रे भरणाऱ्या बायका जागच्या जागी थिजल्या होत्या. मी धावत जाऊन मागून त्याच्या कमरेला मिठी मारली तेव्हा कुठे तो थांबला. वळून मला म्हणाला, "पदीच्या अंगावर चाललं होतं ते."

पदी म्हणजे पद्मश्री, आमची पद्मा, माझी नणंद. ती त्या वेळी जयसिंगपुरात तिच्या घरी होती. आणि कुत्रं आमच्याच दारातलं, म्हातारं, निम्मे दात पडलेलं.

मी नवऱ्याला तोंडावर 'अहो'च म्हणते. इथं नावानं लिहिते, कारण कुणी काय केलं हे या गोष्टीत स्पष्ट राहायला हवं. सुकुमार मगदूम. जैनाच्या घरातला, दिवस बुडायच्या आत जेवणारा, साखरेच्या डब्यातल्या मुंग्या कागदावर घेऊन अंगणात सोडणारा. लग्नात माझ्या मैत्रिणींनी 'यातली नवरी कोण?' म्हणून चेष्टा केली होती, इतका नावाप्रमाणे. हा माणूस फावड्यानं जीव घेईल असं कुणी सांगितलं असतं तर मी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

त्या दिवशी त्यानं स्वतःच खड्डा काढला, कुत्र्याला पुरलं आणि खड्ड्याशेजारी बसून लहान पोरासारखा रडला. मी त्याच्या कानामागच्या चकतीकडे बघत उभी होते. शर्टाच्या बटणाएवढी, कातडीच्या रंगाची. त्या चकतीचा मला त्या क्षणापासून संताप यायला लागला.

चकतीची कथा अशी. पद्माला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, किरणं झाली आणि शेवटी रिपोर्ट कोरा आला. आम्ही पेढे वाटले. त्यानंतर ती खरी आजारी पडली. पाठ दुखली की कॅन्सर, खोकला आला की कॅन्सर. बोलता बोलता हात काखेत जायचा आणि गाठ चाचपायला लागायचा. झोप गेली. नवी साडी घेतली नाही, नेसायला मी असेन का म्हणून. तपासणीची तारीख आली की ताप चढायचा, आणि ताप आला म्हणून तपासणी चुकायची. शरीर बरं झालं होतं, माणूस त्यातून बाहेरच आला नव्हता.

अशा लोकांसाठी मिरजेच्या एका इस्पितळात नवी योजना सुरू झाली होती. डोक्यात, दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला, बदामाएवढा पेशींचा एकेक पुंजका असतो. भीतीची घंटा तिथं वाजते. बारीक ध्वनिलहरी सोडून ती बंद पाडता येते, हे शास्त्रज्ञांना आधीच जमलं होतं. पण घंटा बंद पाडलेली माणसं तपासणीला यायचीच थांबली. एका गृहस्थांनी तर पुन्हा तंबाखू धरली. म्हणजे भीती हवी, पण पेलवेल एवढीच.

मग कुणाच्या तरी ध्यानात आलं ते आपल्याकडच्या कुठल्याही बाईला ठाऊक होतं: आजाऱ्याजवळ आपलं माणूस बसलं की त्याची भीती उतरते. यंत्रांनी मोजल्यावर दिसलं की जवळ बसणाऱ्याच्या डोक्यातला पुंजका आजाऱ्याच्याच लयीत पेटतो, आणि तो पेटला की आजाऱ्याचा निवतो. चकत्यांनी एवढंच केलं की शेजारी बसायची गरज काढून टाकली. एक चकती रुग्णाच्या कानामागे, दुसरी वाटेकऱ्याच्या. पद्माच्या डोक्यात भीती उठली की मोबाइलच्या जाळ्यातून तिची लय इकडे यायची, सुकुमारचं डोकं ती उचलायचं आणि तिकडे तिला हलकं वाटायचं. ती जयसिंगपुरात, हा शिरोळच्या आमच्या मळ्यात.

वाटेकरी कोण होणार, हा प्रश्न आला. पद्माचा नवरा, बाहुबली चौगुले, आमचे दाजी. त्यांच्या छातीत पेसमेकर, म्हणून ते बाद. सासूबाईंचं वय झालेलं. सुकुमार म्हणाला, "माझ्याकडं द्या की. मला कशाची भीती हाय? जागा रिकामीच हाय माझ्यात." सगळे हसले. मला कुणी विचारलं नाही, आणि तेव्हा विचारलं असतं तरी मी होच म्हटलं असतं.

नफिसा मुजावर नावाच्या समुपदेशक होत्या. बाई सडेतोड. त्यांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "एवढं एक पाळा. पेशंटची प्रत्येक बातमी वाटेकऱ्याला कळलीच पाहिजे. बरी, वाईट, सगळी. भीती आली की माणूस आधी कारण शोधतो. कारण माहीत असलं की ती जागच्या जागी बसते. नसलं तर समोर जे दिसेल त्यालाच तो कारण ठरवतो. कळलं?" दाजींनी मान डोलावली. सासूबाईंनी तर दोनदा.

पहिले काही महिने झकास गेले. सुकुमार ट्रेमध्ये बी टाकत असायचा आणि मध्येच त्याचा हात थांबायचा, कपाळावर घाम यायचा. मग तो फोन लावायचा. "पदी, काय गं?" ती सांगायची, "काही नाही दादा, तपासणीला निघाले." "हां, मग बरोबर हाय," असं म्हणून हा तांब्याभर पाणी प्यायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. पद्मा झोपू लागली. तिनं साड्या घेतल्या, एक मलाही घेतली. मी इस्पितळाला मनातल्या मनात हात जोडले.

दसऱ्यानंतर सगळं फिरलं. भीती येऊ लागली ती दिवसातून कितीही वेळा, आणि अशी की सुकुमारचे दात एकमेकांवर आपटायचे. तो फोन करायचा. "पदी, काय झालं?" "काही नाही दादा." आवाज अगदी शांत. "दाजी कुठं हायत?" "बाहेर गेलेत." सासूबाई अचानक लेकीकडे राहायला गेल्या, दिवाळीच्या फराळाचं निमित्त करून. दाजी सुकुमारचा फोन उचलेनात. एकदा बाजारात समोरासमोर आले आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले. आता यातून माणसानं काय समजावं?

कुत्रं मारलं ते याच दिवसांत. त्यानंतर खताच्या कंपनीचा विक्रेता आला होता. बोलता बोलता त्याचा फोन वाजला, आणि तो बाजूला जाऊन दबक्या आवाजात बोलू लागला. एवढाच त्याचा गुन्हा. सुकुमारनं त्याच्या मानगुटीला धरून त्याचं तोंड वजनकाट्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. काट्यावर आकडे पळत होते आणि त्यांच्यावर रक्त ओघळत होतं. "कुणाशी बोलत होतास? काय लपवतोयस?" त्याचे पुढचे दोन दात पडले. मी हातापाया पडून प्रकरण मिटवलं. तेव्हा ते मिटवायला नको होतं, पण नवऱ्याची अब्रू झाकायची सवय हाडात भिनलेली असते.

मग माझी पाळी आली. मी स्वयंपाकघरात सासूबाईंशी फोनवर बोलत होते. त्या नेहमीप्रमाणे पुटपुटत होत्या, म्हणून माझाही आवाज उतरला होता. सुकुमार मागून आला. त्यानं माझा हात धरून पाठीमागे पिरगाळला, आणि कोपरात कट्‌ असा आवाज मला वेदनेच्या आधी ऐकू आला. त्यानं मला भिंतीवर दाबून धरलं होतं. त्याचे डोळे माझ्या डोळ्यांपासून वीतभर लांब होते, आणि त्या डोळ्यांत राग नव्हताच. तो थरथर कापत होता. "त्यो मारतोय तिला, त्रिशला. दाजी. मला अंगात कळतंय. तुम्ही सगळी मिळून लपवताय."

"काय लपवतोय? अहो, सोडा! देवाशपथ मला काही माहीत नाही!"

मला खरंच माहीत नव्हतं. हात प्लास्टरमध्ये गेला. डॉक्टरांना सांगितलं, पाय घसरला. सुकुमार माझ्या पायाशी बसून होता. मी म्हटलं, "ती चकती काढा. आत्ताच्या आत्ता." त्यानं दोन्ही हातांनी कान झाकला. "काढली तर सगळं तिच्यावर जाईल. हे एवढं तिला सोसायचं न्हाई गं. मरंल ती."

मी नफिसाबाईंना फोन केला. सगळं सांगितलं, कुत्र्यापासून कोपरापर्यंत. त्यांनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, "पेशंटची नवी काही बातमी?"

"नाही. ती तर मजेत आहे."

"तुम्हाला असं कुणी सांगितलं?"

"तिनंच."

"मग तिच्या घरी जा. फोन करू नका, जा. आणि यांना एकटं ठेवू नका. मी माणसं पाठवते." ती माणसं येईपर्यंत मी शेजारच्या काकांना रोपवाटिकेत सुकुमारजवळ बसवलं आणि एका हातानं पदर खोचून जयसिंगपूरच्या बसमध्ये चढले.

दार उघडंच होतं. पद्मा खाटेवर बसून वाटाणे सोलत होती. डोक्याला रुमाल. रुमालाखाली केस नव्हते. चेहरा हळदीसारखा. दाजी टेबलाशी उभे राहून इंजेक्शनची सुई भरत होते. मला बघून त्यांचा हात थांबला. सासूबाई आतून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"ये की वहिनी," पद्मा म्हणाली. "हाताला काय झालं?"

"आधी तुला काय झालं ते सांग."

"परत आलाय," ती म्हणाली. आज भाजी कसली, एवढ्याच सुरात. "मणक्यात. दसऱ्याला कळलं. केमो सुरू आहे, मिरजेत कळू नये म्हणून दुसऱ्या इस्पितळात."

मी बांध फुटल्यासारखी ओरडले. "आणि ह्यांना सांगितलं नाही? वाटेकऱ्याला?"

सासूबाई पुढे झाल्या. "सांगू नगंस त्याला, त्रिशला. हाय खाईल त्यो. त्याच्या बापानं मला गाठ हाय एवढंच ऐकलं, आणि अंथरूण धरलं. माझी गाठ साधी निघाली, पर त्यो उठला न्हाई. आधीच पोरगं हिचं एवढं वाहतंय. वर आणि ही बातमी कशाला त्याच्या डोस्क्यावर?"

"अहो आत्या, बातमीच तर वाहतायत ते! फक्त कसली ते तुम्ही त्यांना सांगत नाही! त्यांनी कुत्रं मारलं. एका माणसाचे दात पाडले. हा माझा हात बघा, पाय घसरून मोडला नाही तो!"

दाजींनी डोळे खाली घातले. "मी म्हणत होतो सांगूया. पद्माच म्हणाली नको."

"मला वाटलं, एवढं काही नाही," पद्मा म्हणाली. "खरंच वाटलं, वहिनी."

आणि ती खोटं बोलत नव्हती. तिला वाटत नव्हतंच. वाटायचं ते सगळं चार कोसांवर सुकुमारच्या छातीत पोचत होतं, म्हणून 'काही नाही दादा' हे तिला इतकं सहज म्हणता येत होतं.

"मी सांगणार," मी म्हटलं. "आज, घरी गेल्या गेल्या." सासूबाईंनी माझा चांगला हात घट्ट धरला. पद्मानं दाजींना खूण केली, औषधाची वेळ टळत होती. दाजींनी तिची बाही वर सारली, दंड पकडला आणि सुई टेकवली. सुईची भीती तिच्या डोक्यात अजून उठत होती, पण पोचत होती दुसरीकडे. तिनं नुसते डोळे मिटले.

दारात सुकुमार उभा होता. विजेच्या मोटारसायकलचा आवाज कुणाला आलाच नव्हता. काकांचं काय केलं ते नंतर कळलं: इस्पितळाची माणसं पोचायच्या आत त्यांना खतांच्या खोलीत कोंडून तो माझ्या मागोमाग निघाला होता. त्याच्या हातात उसाचं बेणं तोडायचा कोयता होता. आणि त्याला समोर दिसत होतं ते एवढंच: दाजींनी पदीचा दंड पकडलाय, पदीनं डोळे मिटलेत, आईनं मला धरून ठेवलंय.

तो ओरडला नाही. सरळ आत आला आणि कोयता चालवला. दाजींनी हात आडवा घातला. दोन बोटं तुटून वाटाण्यांच्या शेंगांत पडली. दुसरा घाव दाजींच्या खांद्यात बसला, हाडापर्यंत. रक्ताची चिळकांडी भिंतीवरच्या कॅलेंडरवर उडाली. दाजी खाली कोसळले. सासूबाई मध्ये पडल्या तर त्यानं जन्मदात्या आईला कोपरानं असं उडवलं की त्या कपाटावर आदळल्या. मी माझा प्लास्टरचा हात त्याच्या मनगटावर हाणला. प्लास्टर फुटलं, माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, कोयता मात्र सुटला नाही. तो तिसऱ्यांदा वर गेला. या खेपेला खाली दाजींची मान होती.

"तिचा कॅन्सर परत आलाय!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले. "मणक्यात! तुम्हाला येतेय ती त्याची भीती! दाजी औषध देतायत तिला!"

कोयता वरच राहिला. सुकुमारनं मान वळवून पद्माकडे बघितलं. "खरं?"

"हो दादा."

"कधीपास्नं?"

"दसऱ्यापास्नं."

मी त्याचं तोंड बघत होते. इतके दिवस त्या तोंडावर जे भूत बसलं होतं, ते माझ्या डोळ्यांदेखत उतरलं. भीती गेली नव्हती, ती तेवढीच होती, उलट वाढली असेल. पण तिला आता राहायला जागा मिळाली होती. कोयता पडला. तो दाजींशेजारी गुडघ्यांवर बसला आणि त्यांचा खांदा दोन्ही हातांनी दाबून धरला. "दाजी, दाजी, मी काय केलं हो," एवढंच म्हणत राहिला. सासूबाईंनी पदर फाडून दाजींचा हात गुंडाळला. मी रुग्णवाहिका बोलावली.

या सगळ्यात पद्मा खाटेवर बसून होती. मांडीवर वाटाण्यांचं ताट, ताटात नवऱ्याचं रक्त. ती मला म्हणाली, "वहिनी, मला काहीच कसं वाटत नाही?" तिनं ताटाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि हात वर करून कानामागची चकती नखानं उपसून काढली.

तिची भीती तिच्याकडे परत यायला काही क्षण लागले. मग ती किंचाळली. तसली किंचाळी मी त्याआधी ऐकली नव्हती. ताट फेकून ती खाटेवरून उतरली आणि सुकुमारवर तुटून पडली. केमोनं खंगलेली बाई, पण मुठी घणासारख्या. त्याच्या पाठीवर, डोक्यावर, तोंडावर. नखांनी त्याचे गाल फाडले. "मला मरायचं नाही! दादा, मला मरायचं नाही! माझ्या माणसाला मारलंस तू! मला मरायचं नाही!" सुकुमारनं दाजींच्या खांद्यावरचे हात काढले नाहीत, की तोंड चुकवलं नाही. नाकातनं रक्त येत होतं. "मार," म्हणाला. "मार पदी. मी हाय इथंच." ती दमून त्याच्या पाठीवर पडेपर्यंत मारत राहिली.

दाजी वाचले. बोटं जोडता आली नाहीत. पोलीस आले तेव्हा सासूबाईंनी मला कोपऱ्यात ओढलं आणि म्हणाल्या, "ऊस सोलताना लागलं म्हणून सांग." पट्ट्यांत गुंडाळलेल्या दाजींनीही मान डोलावली. घरच्या घरात मिटलं असतं. मी फौजदारासमोर बसले आणि जे घडलं ते कुत्र्यापासून सांगितलं. सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

सुकुमारला अटक झाली. खटला चालायचाय. वकील म्हणतात, भीती एकाची आणि हात दुसऱ्याचा, असं प्रकरण कोर्टापुढे अजून आलेलं नाही. इस्पितळानं दोघांच्याही चकत्या परत घेतल्या. नफिसाबाई आता आठवड्यातून दोनदा पद्माजवळ येऊन बसतात; पद्मा रडते, भांडते, भांडी फेकते आणि केमोला वेळेवर जाते. तिचं पुढे काय होईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. पण आता जे काही असेल ते ती मोठ्यानं बोलते, सगळ्यांसमोर.

जामीन मिळून सुकुमार घरी आला ती सकाळ होती. गालांवरचे ओरखडे वाळले होते. कानामागे पांढरा गोल डाग. मी पुढच्या खोलीत खुर्चीत बसले होते, हात नव्या प्लास्टरमध्ये. तो समोर खुर्ची ओढून बसला. माझ्या हाताकडे बघत होता.

"लई दुखतंय?"

काही नाही, असं अगदी ओठांवर आलं होतं. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. मी ते गिळलं.

"दुखतंय. हाड नीट बसलं नाही, पुन्हा मोडून बसवावं लागेल म्हणतात. आणि मला तुमची भीती वाटते."

त्याचा चेहरा पडला. मला दया आली, खोटं कशाला सांगू. पण भीतीही तितकीच होती, आणि ती माझ्या एकटीची होती. तो उठला. खुर्ची उचलून भिंतीपर्यंत मागे नेली आणि तिथं बसला.

"हितनं?" त्यानं विचारलं. "हितनं वाटती?"

"वाटते."

तो पुन्हा उठला. खुर्ची उंबऱ्याबाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवली, आणि दोन्ही हात मला दिसतील असे गुडघ्यांवर ठेवून बसला.

"आता?"

"अजून जरा मागं," मी म्हटलं.